दुसऱ्याचा खण

माझ्या पायाला भिंगरी आहे असं अव्वा म्हणायची, आणि ते कौतुकाने नव्हे. आईला आमच्याकडे अव्वा म्हणतात. पेरलेलं उगवायच्या आत उकरून बघणारा हा, असं ती शेजारणींना सांगे. आता गुडघे दुखतात, एका डोळ्यात पडदा आलाय, तरी एका जागी बसवत नाही. हे लिहायला घेतल्यापासून दोनदा अंगणात जाऊन आलो. लिहायचं आहे ते एका दाव्याबद्दल. तो मी एकट्याने बावीस चुलींच्या, म्हणजे बावीस घरांच्या, वतीने लावला आणि जिंकला. लोक अजून त्याबद्दल बोलतात, चार माणसांत मला पुढे बसवतात, आणि कौतुक सुरू झालं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आमची वाडी कानडी मुलखात, कुंभारवाडा गावाच्या खाली, दिग्गीकडे जाणाऱ्या पायवाटेला. घरं हाकेच्या अंतरावर, मध्ये रान. पावसाळी भात सगळेच करत. पण वायंगण, म्हणजे पावसाळा सरल्यावर ओहोळाच्या पाण्यावर घ्यायचं दुसरं भात, ते हवं असेल तर ओहोळाला बांध घालावा लागे. पावसाळ्यात तो वाहून जाई, म्हणून दर वर्षी कापणी उरकली की नव्याने घालायचा. दगड, फांद्या, पाला आणि चिखल, एवढंच त्याचं सामान. तो एका दिवसात उभा राही, कारण बावीस चुलींचे बावीस खण, म्हणजे बांधाचे तुकडे, ठरलेले होते. या काठापासून त्या काठापर्यंत कोणाचा खण कुठून कुठवर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे.

प्रत्येक चुलीने आपला खण आपण भरायचा. एखादी चूल आली नाही तर तिचा खण उघडाच ठेवायचा. सगळं पाणी त्यातून निघून जाई, सगळ्यांची शेतं कोरडी राहत, तरी शेजारच्याने हात लावायचा नाही. दुसऱ्याचा खण भरणं म्हणजे त्याची चूल विझली असं सगळ्यांदेखत सांगणं. एखादं घर खरोखर बुडालं, मागे कोणी उरलं नाही, तरच गावकार, म्हणजे आमच्या वाडीचा वडीलधारा, नारळ फोडून तो खण भरायचा, आणि ते बघायला बायका थांबत नसत. कोणी आजारी असेल तर त्याला पाठंगुळी घेऊन आणत. त्याने एक दगड स्वतःच्या हाताने ठेवायचा, मग बाकीचं काम इतरांनी केलं तरी चाले. कोणी रुसला असेल तर गावकार त्याच्या दारात जाऊन बसे. पान खाई, पावसापाण्याचं बोले, आणि तो माणूस उठून कुदळ घेईपर्यंत तिथून हलत नसे.

मला हा सगळा प्रकार मूर्खपणाचा वाटे. एका रुसलेल्या माणसापायी बावीस घरांनी तोंडं बघत बसायचं, हे मला सोसत नसे. मी खानापूरला मामाकडे राहून मराठी चौथी शिकलेला. वाडीत वाचता येणारा मी एकटा, आणि ते मी कोणाला विसरू देत नसे.

अशात ओहोळाच्या दोन्ही काठांची जमीन एका लाकडाच्या व्यापाऱ्याने विकत घेतली. त्याचं नाव लिहून आता कोणाचं भलं होणार नाही. त्याला ओंडके ओहोळाच्या पात्रातून ओढत नदीकडे न्यायचे होते आणि वाटेत आमचा बांध. बांध घातल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याची माणसं पहारी घेऊन आली आणि त्यांनी तो फोडला. गावकार हात जोडून त्यांना समजावत होता. मी काठावरून शिव्या देत होतो. दोन्हींचा उपयोग सारखाच झाला. रोपं उन्हाने पिवळी पडत गेली, आणि ती बघत बसणं मला जमेना. एके पहाटे कोणालाही न विचारता मी कोर्टाच्या गावाची वाट धरली. ती दोन दिवसांची वाट होती, मी दीड दिवसात तुडवली.

वकील म्हातारा होता, तपकीर ओढणारा. माझं सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "बावीस जणांनी बावीस दावे लावलेत तर तुझे नातू तारखांना येतील. कायद्यात सोय आहे. पुष्कळ माणसांचा हितसंबंध एकच असला तर त्यांतल्या एकाने सगळ्यांच्या वतीने दावा लावावा. कोर्टाची परवानगी घ्यायची आणि बाकीच्यांना नोटीस द्यायची. निकाल लागेल तो सगळ्यांना लागू. तू जिंकलास तर सगळे जिंकले, तू हरलास तर सगळे बुडाले. कळलं?"

"कळलं."

"सगळ्यांचा हितसंबंध एकच आहे ना?"

"एकच," मी म्हणालो.

इतक्या झटकन म्हणालो की चिमटीतली तपकीर तशीच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने बांधाची रीत विचारली. ज्या रीतीला मी जन्मभर नाकं मुरडली ती त्या दिवशी मी छाती फुगवून सांगितली. कोण कुठला खण भरतो, दुसऱ्याच्या खणाला कोणी हात लावत नाही, पणज्या-खापरपणज्यांपासून हेच चालत आलंय. वकील खूश झाला. कोर्टाला जुनी वहिवाट आवडते म्हणाला, आणि शब्द न् शब्द त्याने दाव्यात लिहून काढला.

परत येऊन मी वाडीला हे सांगितलं तेव्हा माझी पाठ थोपटतील अशी माझी कल्पना होती. गावकाराने पानाला चुना लावता लावता विचारलं, "म्हंजे आमचं तोंड तू?"

"कायद्यानं तसं चालतं."

"कायद्यानं चालत असंल. एका चुलीचं दुसऱ्या चुलीनं बोलायचं, ते आमच्यात कवा चाललंय?"

मला राग आला. ह्यांच्यासाठी पायाचे तुकडे करून घ्यावेत आणि ह्यांनी पान चघळत हे विचारावं. मी तिथून तडक उठलो, आणि धाकट्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

धाकटा माझा पाठचा भाऊ. त्याला घरात तम्मा म्हणत. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो होतो. जमिनीची वाटणी मीच केली, थोरला म्हणून. पाटाच्या तोंडाशी असलेलं शेत मी घेतलं आणि पाटाच्या शेवटाला असलेलं त्याला दिलं. बांधाचं पाणी आधी माझ्या शेतात येई, मग एकेकाच्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर त्याच्या. दोन वर्षांत त्याच्या शेतात पाणी घोट्यालाही लागलं नव्हतं. तरी दोन्ही वर्षं त्याने वेगळ्या चुलीसाठी तोडून दिलेला आपला खण भरला होता, शेवटचा, पलीकडच्या काठाला लागून, माझ्या खणाच्या शेजारी. हे सगळं मला ठाऊक होतं. त्यावर विचार करायचा, एवढंच मी केलं नव्हतं. आणि आता तो त्याच व्यापाऱ्याच्या लाकडाच्या डेपोवर मुकादम म्हणून लागला होता.

"तुझ्या वतीनंही लावलाय दावा," मी म्हणालो. "सगळ्यांचा हितसंबंध एकच हाय म्हणून सांगून आलोय."

तो सुतळी वळत होता. मान वर न करता म्हणाला, "तुजं आनि माजं एकच व्हय गा, अण्णा? मग वाटनीच्या वक्ताला तसं का बोलला न्हाईस?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी मोठ्या आवाजात दिलं असणार.

पावसाळा सरता सरता कोर्टाची नोटीस आली. बेलीफाने दवंडी पिटली, कानडीत वाचून दाखवली आणि गावकाराच्या ओसरीच्या खांबाला चिकटवली. ज्या कोणाला दाव्यात सामील व्हायचं असेल त्याने अमुक तारखेला कोर्टात यावं, असं तीत होतं. कोणी यायचं नसतं, ही नुसती कायद्याची रीत आहे, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. पण नोटिशीत बोलावणं आहे आणि बोलावणं प्रत्येक चुलीला आहे, एवढंच त्यांना दिसलं. तारखेच्या दोन दिवस आधी वीस माणसं माझ्यामागे चालू लागली. प्रत्येकाच्या खांद्यावर तांदळाचं गाठोडं आणि फडक्यात सुकी मासळी. मी पुढे पळत होतो आणि ते बांधाच्या क्रमाने, एकामागे एक, निवांत येत होते. म्हणजे बावीसातले आम्ही एकवीस. शेवटचा तेवढा नव्हता.

कोर्टाच्या ओट्यावर ते रांगेत बसले. सुक्या मासळीच्या वासाने कारकून नाकाला उपरणं लावून फिरत होते. न्यायाला बसलेल्या मुन्सफाने विचारलं हे कोण, आणि माझ्या वकिलाने कपाळाला हात लावला. गावकार पुढे होऊन म्हणाला, "आम्ही आलोय सायबा. ज्याचं त्यानं सांगाय." मुन्सफ हसला, पण वाईट नव्हता. त्याने एकेकाला पुढे बोलावून विचारलं, हा माणूस तुमच्या वतीने बोलतो ते मान्य आहे का. एकेक जण "व्हय" म्हणून मागे सरला. ह्यात सबंध दुपार गेली. शेवटी मुन्सफाने कागद पाहून विचारलं, "बाविसावा?"

"त्याला कामातून सवड न्हाई," मी म्हणालो. गावकाराने माझ्याकडे पाहिलं.

परत येईपर्यंत गव्यांनी उभ्या भातात धुडगूस घातला होता, कारण राखणीला शेतावर पुरुषमाणूस नव्हता. मी सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. एका "व्हय" शब्दासाठी चार दिवस आणि अर्धं पीक! त्यांनी ऐकून घेतलं आणि उरलेलं भात कापायला लागले.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. तारखेला जायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. मला त्या दिवसांत भूक लागत नव्हती. नांगर धरला तर कोर्टाची वाट दिसे, कोर्टात बसलो तर नांगर दिसे. बायको म्हणायची, तुम्ही घरात असला तरी दारातच उभे असता. शेवटी एक चांगली गोष्ट झाली. निकाल लागेपर्यंत बांध घालायला आडकाठी करू नये, असा व्यापाऱ्याला हुकूम झाला, आणि बांध घातल्यावर चौथ्या दिवशी पाहणीसाठी कोर्टाचा कमिशनर येईल असं ठरलं. वकिलाने मला बाजूला घेऊन बजावलं, "पाणी पाटात चढलेलं त्याच्या डोळ्याला दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तो लिहील की हा नुसता दगडांचा ढीग आहे. मग माझ्याकडे येऊ नकोस."

बांधाच्या दिवशी सगळे आले. दुपारपर्यंत एकवीस खण भरून झाले. माझ्या शेजारचा शेवटचा खण उघडा राहिला आणि अख्ख्या ओहोळाचं पाणी त्यातून धो धो निघालं. काम संपवून लोक काठावर बसले. तो आवाज मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी डेपो गाठला.

धाकटा ओंडक्यांवर गेरूने खुणा करत होता.

"चल," मी म्हणालो.

"कुटं?"

"कुठं म्हणून काय विचारतोस? परवा कमिशनर येतोय. तुझ्यापायी सगळ्यांचा नाश होईल."

"सगळ्यांचा व्हय?" तो शांतपणे म्हणाला. "तू मला बोलवाय आलाईस का कमिशनरासाटनं खण भराय आलाईस, अण्णा?"

तेव्हा त्याचा हात धरला असता, वाटणीत माझं चुकलं म्हणालो असतो, तर पुढचं काही घडलं नसतं. ते शब्द माझ्या मनात आलेही होते. पण डेपोवरची माणसं बघत होती. मी त्याला व्यापाऱ्याचा कुत्रा म्हणालो आणि परत फिरलो.

गावकार बांधावरच भेटला. मी सांगितलेलं ऐकून म्हणाला, "तू उगंच गेलास. उद्या मी जाऊन बसतो त्येच्या दारात. यील त्यो."

"परवा सकाळी कमिशनर येणार आहे!"

"परवाला अजून येळ हाय."

दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत खरोखरच गेला. मी सकाळभर बांधावर येरझाऱ्या घातल्या. पाटात डोकावून बघितलं, कोरडा. पुन्हा बघितलं. ऊन डोक्यावर आलं, लोक जेवायला घरी गेले. तम्मा येणार नाही याची मला खात्री होती. मी त्याच्या जागी असतो तर गेलो नसतो. मी धोतर खोचून पाण्यात उतरलो. खालचे मोठे दगड एकट्याने लोटत आणताना माझी बोटं सोलून निघाली. मग फांद्या, मग पाला, मग चिखल. दोन तासांत खण भरला. आवाज थांबला. पाणी हळूहळू फुगत वर आलं आणि पाटाच्या तोंडातून माझ्या शेतात शिरलं. मी काठावर बसून हसलो. कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

गावकार दिवस मावळल्यावर परत आला. तो बांधासमोर बराच वेळ उभा राहिला. माझ्या सोललेल्या बोटांकडे त्याने पाहिलं. "पानी चडलं," एवढंच म्हणाला आणि घराकडे गेला. बाकीच्यांनीही पाहिलं. कोणी विचारलं नाही, कोणी भरला म्हणून. त्या रात्री मी गाढ झोपलो.

कमिशनर आला तो एक तरुण वकील होता. जोडे हातात घेऊन त्याने छत्रीच्या टोकाने खण मोजले. "बावीस," म्हणाला. पाटात बोट बुडवून पाणी आहे याची खात्री केली. "सगळे भरलेले आहेत?" त्याने गावकाराला विचारलं.

"खण बावीस हायत, भरल्यात," गावकार म्हणाला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि मी मनातल्या मनात त्याला मुजरा केला.

माघात उळवीची जत्रा आली. मीही गेलो, दाव्याला यश मागायला. गर्दीत मराठी-कानडी दोन्ही कानांवर पडत होतं, गाड्या सोडलेल्या, बैल झाडांना बांधलेले. तिथे एका झाडाखाली भावजय भेटली. तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवत होती. धाकटा लाकडं आणायला गेला होता. मी काही बोलायच्या आत तिने पदर सारखा केला आणि चुलीकडे बोट दाखवलं.

"भावजी, बगा. जळती हाय आमची चूल."

मी म्हणालो, "कमिशनर येणार होता. तो येत नव्हता, मग मी काय करणार?"

"येत नव्हते?" ती म्हणाली. "गावकार दिसभर बसला आमच्या दारात. तिनीसांजेला हे व्हय म्हनाले. दुसऱ्या दिशी फटफटायच्या आदी कुदळ घेऊन बांदावर आल्ते. खण भरलेला बगितला आनि माघारी आले. दोन दिस तोंडात घास घातला न्हाई."

मला वाटतं मी "असं?" म्हणालो. देवळात गेलो, हात जोडले आणि काय मागायचं तेच सुचेना. माझ्या मागचे लोक ढकलत होते. मी काहीही न मागता बाहेर आलो. धाकटा येण्याआधी वाटेला लागलो, पळून गेलो म्हटलं तरी चालेल. गावकाराने मला त्याच दिवशी हे का सांगितलं नाही, ते मी त्याला कधीच विचारलं नाही. सांगून तरी काय होणार होतं? भरलेला खण दुसऱ्या कोणी उपसायचा नसतो.

चैत्रात साक्षी सुरू झाल्या. व्यापाऱ्याच्या साक्षीदारांच्या यादीत धाकट्याचं नाव होतं. आधी मी पिंजऱ्यात उभा राहिलो. पलीकडचा वकील गोड बोलणारा होता. त्याने दाव्याचा कागद पुढे धरला.

"प्रत्येक चूल आपला खण आपणच भरते, दुसऱ्याच्या खणाला कोणी हात लावत नाही. ही तुमची वहिवाट. बरोबर?"

"बरोबर."

"शेवटचा खण कोणाचा?"

"धाकट्या भावाचा."

"बांधाच्या दिवशी तो आला होता?"

"न्हाई."

"कमिशनरसाहेबांना मात्र बावीसच्या बावीस भरलेले दिसले. मग तो खण कोणी भरला?"

मी भरला म्हणावं तर वहिवाटच खोटी ठरत होती, आणि वहिवाट खोटी तर दावा बुडाला, माझ्या एकट्याचा नव्हे, सगळ्यांचा. भावाने भरला म्हणावं तर तो समोर बाकावर बसलेला. जन्मभर मी तोंडाला येईल ते बोलत आलो. त्या दिवशी त्या पिंजऱ्याचं लाकूड धरून मी म्हणालो, "मला माहीत न्हाई." माझी बोटं केव्हाच बरी झाली होती, तरी मी ती मुठीत लपवली.

मग धाकट्याला बोलावलं. तो नवा सदरा घालून आला होता, बहुतेक डेपोवाल्यांनी दिलेला. त्याच वकिलाने त्याला हसत विचारलं, "बांधाच्या दिवशी तू कुठे होतास?"

"डेपोवर."

"म्हणजे तू बांधावर गेला नाहीस."

"त्या दिशी न्हाई गेलो. कमिशनरसायेब आले त्या दिशी पाटचं गेल्तो. कुदळ घेऊन."

वकिलाचं हसू जरा आटलं. "बांधावर जाऊन काय केलंस?"

"बगितलं."

"सरळ सांग. तुझा खण कोणी भरला?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो मुन्सफाकडे बघत म्हणाला, "सायेब, माजा खण दुसरं कोन भरनार? माज्या घरात मानसं हायत. माजी चूल जळती हाय. आमच्यात जित्या मानसाचा खण कोन भरत न्हाई."

मुन्सफ ते लिहून घेत होता, टाकाचा कुरकुर आवाज ऐकू येत होता. पलीकडच्या वकिलाने आणखी दोन-तीन प्रश्न फिरवून फिरवून विचारले. धाकट्याने प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं, त्याच शब्दांत. माझा वकील माझ्या कानाशी लागून म्हणाला, "तुझ्या भावाने बुडता दावा वर काढला." तपकिरीचा वास आला आणि मी तोंड फिरवलं. त्याने दावा वाचवला की नाही कोण जाणे. दुसरं काही बोलला असता तर आपली चूल विझली हे त्याला भर कोर्टात स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागलं असतं. मी त्याला जिथे उभं केलं होतं तिथून त्याला हाच एक रस्ता होता.

कोर्टाच्या पायऱ्यांवरच डेपोच्या कारकुनाने त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. दोन दिवसांच्या परतीच्या वाटेवर तो पुढे आणि मी मागे. मी पाय उचलले की तोही उचलायचा. प्रत्येक वळणावर त्याची पाठ दिसायची आणि रानात नाहीशी व्हायची. मी दोनदा हाक मारली, "तम्मा!" त्याला ऐकू गेली असणार, रानात हाक लांबवर जाते.

पावसाळ्यात निकाल लागला. वादी आणि त्याच्यासारखा हितसंबंध असलेले वाडीतले सर्व बावीस घरवाले यांना बांध घालण्याचा हक्क आहे, असं त्यात होतं. वकिलाने मला ते मराठी करून सांगितलं. कोर्टाने धाकट्याचं घर मोजलं होतं. कोर्टाला तो दिसला होता. मीच तेवढा त्याला मोजायला विसरलो होतो, आणि दाव्यावर नाव माझं होतं. त्या पावसाळ्यात मी पाटाच्या तोंडाचं शेत त्याला द्यायला निघालो. भावजयीने दारातूनच सांगितलं, ते नको म्हणालेत.

कापणी झाली, बांधाचा दिवस आला. सगळे ओहोळात उतरले. धाकटा कुदळ खांद्यावर टाकून आला आणि आपल्या खणाशी उभा राहिला. पावसाळ्याने चिखल, पाला, फांद्या सगळं नेलं होतं, पण मी लोटत आणलेले खालचे मोठे दगड जागच्या जागी होते. कोणालाही वाटलं असतं, अर्धं काम झालेलं आहे, त्यावर भर घालावी. धाकट्याने कुदळ काठावर ठेवली, वाकला आणि पहिला दगड हलवून बाहेर काढला. तो उचलून काठावर नेऊन ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग दुसरा.

शेजारच्या खणात मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. सगळ्या ओळीतलं काम थांबलं होतं. गार पाण्यात वीस माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कोणी त्याला घाई कर म्हटलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, पळून जावंसं वाटत होतं, पण पहिल्यांदाच पाय हलले नाहीत. शेवटचा दगड निघाला तेव्हा तिथे नुसतं पाणी राहिलं. मग तो वरच्या अंगाला गेला आणि पात्रातून स्वतःचा पहिला दगड शोधून घेऊन आला.

तो दुसऱ्या दगडासाठी वळला तेव्हा माझ्या हातात एक चांगला चपटा दगड होता. मी तो त्याच्यापुढे धरला. त्याने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोर्टानंतर पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुज्या खणात लाव, अण्णा," तो म्हणाला.

मी तो माझ्या खणात लावला. त्या वर्षी बावीस खण भरायला तिन्हीसांज झाली.